घरी रोस्ट चिकनसाठी आंबट-तिखट कोरडा मसाला कसा करायचा, त्यात लिंबू कधी पिळायचं आणि तो किती दिवस टिकतो?

लिंबू पिळायचंच नाही. रेसिपी द्यायला इथे माणसं कमी नाहीत, मी फक्त या लिंबावरून लिहितेय. मसाला कोरडा हवाय ना, मग आंबटपणा पण कोरडाच घाला, म्हणजे आमसूल. आगळ (कोकमाचा खारट रस) नाही. ओटीजीत 100 वर आमसुलं वाळवायची, मोडली की कट् आवाज आला पाहिजे, वाकली तर परत आत. नुसती मिक्सरला लावलीत तर भांड्याला चिकटून बसतात, म्हणून सोबत धणे टाका. बाकी ब्याडगी मिरची, मिरे, जिरं, सुंठ आणि लवंग-दालचिनी जरा सढळ. भाजायचं ते वास सुटेपर्यंतच, पुढे तासभर ओव्हनमध्ये परत भाजलं जाणारच आहे.

मागे थर्टी फर्स्टला बहिणीकडे मी हेच करत होते. चिकनवाल्याला बजावून अख्खी कोंबडी स्किनसकट आणली (बजावावंच लागतं, नाहीतर तो बोलता बोलता सोलून मोकळा होतो), राहिलेले पिसांचे खुंट गॅसवर जाळले, पुसून कोरडी केली, मीठ-मसाला चोळून रात्रभर फ्रिजमध्ये खालच्या कप्प्यात उघडीच ठेवली. सकाळी कातडी कागदासारखी कोरडी, एकदम मस्त. आणि मी आंघोळीला गेले तेवढ्यात बहिणीच्या मिस्टरांनी त्यावर दोन लिंबं पिळली आणि वर वाटीभर दही ओतलं. "दह्याशिवाय चिकन म्हणजे पथ्याचं जेवण" म्हणे! झालं, ट्रेमध्ये हे पाणी सुटलं, मसाला सगळा त्यात उतरला, कातडी वातड. वर जेवताना पाहुण्यांना सांगतात, "मसाला धरला नाही हिचा."

दही वाईट नाही हो. तंदुरीला दहीच लागतं, पण तिथे कातडी काढलेली असते, चिरा दिलेल्या असतात आणि भट्टीची आच भयंकर असते. आपल्या ओटीजीत 200 वर ते पाणी उडेपर्यंत छातीचं मांस सुकून जातं. हे त्यांना तेव्हापासून सांगतेय.

हां, आमसुलात आधीच मीठ असतं, त्यामुळे किलोला दोन छोटे चमचे मीठ घालत असाल तर दीडच घाला. लसणाची पेस्ट आणि गूळ-साखर नको, जळते. करी कट किंवा बोनलेसला यातलं फारसं काही लागू नाही, तिथे खुशाल दही घाला. आमसूल नसेल तर आमचूर चालेल, पण मजा नाही. टिकण्याचं म्हणाल तर आमसूल ओल धरतं, थोडाच करा आणि घट्ट झाकणाच्या बरणीत ठेवा.

लिंबाशिवाय ज्याचा घास उतरत नाही त्याच्या ताटात फोड वाढा, त्याने आपल्या तुकड्यावर पिळावं, ट्रेला हात लावू नये.