शून्याने बिघडवलेली मोजणी

प्रश्न: ०, १, २, ३, ४, ५ या अंकांपासून, अंक पुन्हा न वापरता, तीन अंकी सम संख्या किती होतील? माझं उत्तर ६० येतं, पुस्तकात ५२ आहे. चूक कुठे? (इयत्ता अकरावी)

उत्तर: तुम्ही एककस्थानी ०, २, ४ असे ३ पर्याय धरले आणि उरलेल्या जागांसाठी ५ × ४ घेतले. पण त्यात ०१२, ०३४ अशा संख्याही मोजल्या गेल्या, आणि त्या तीन अंकी नाहीत. शतकस्थानी ० चालत नाही, म्हणून दोन भाग पाडायलाच हवेत.

एककस्थानी ० असेल, तर शतकस्थानी ५, दशकस्थानी ४ पर्याय : २० संख्या. एककस्थानी २ किंवा ४ असेल, तर शतकस्थानी (० आणि वापरलेला अंक सोडून) ४ पर्याय. दशकस्थानी मात्र ० पुन्हा चालतो, त्यामुळे तिथेही ४. २ × ४ × ४ = ३२. बेरीज ५२.

पडताळा जरूर घ्या. विषम संख्या ३ × ४ × ४ = ४८, एकूण तीन अंकी संख्या ५ × ५ × ४ = १००, आणि १०० − ४८ = ५२.

अंक पुन्हा वापरायची मुभा असेल, तर भाग पाडायची गरजच नाही: ५ × ६ × ३ = ९०.