अडलेली केस कुणाशी बोलायची?

पत्र : मी समुपदेशक आहे, एकटीच प्रॅक्टिस करते. दिवसभर माणसांशी बोलते, पण माझ्या कामाबद्दल बोलायला कुणी नाही. आसपासच्या तीसेक थेरपिस्टचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप काढला. त्यावर कार्यशाळांच्या जाहिराती तेवढ्या येतात. दोनदा भेट ठरवली. पहिल्यांदा अकरा जण आले, दुसऱ्यांदा तिघं. लोकांना गरजच नाही का, की माझंच काही चुकतंय?

उत्तर :

गरज आहे, म्हणूनच पहिल्यांदा अकरा जण आले. पण त्या भेटीत ओळखी झाल्या, गप्पा झाल्या आणि प्रत्येकाने मनात आणलेली अडचण तशीच परत नेली असणार. पाच-सहा सेशन घेऊन थकलेल्या माणसाला आणखी गप्पा नको असतात. आठवडाभर डोक्यात घोळणारी केस कुठेतरी उतरवून ठेवायची असते, आणि तीस जणांसमोर ते कुणी करत नाही. तेव्हा मोठं वर्तुळ सध्या बाजूला ठेवा आणि एक छोटा, बंद गट बांधा.

पाच ते सात जण पुरेत. चारच असले तर दोघं आले नाहीत की बैठक मोडते. आठाच्या वर गेलं की आपली पाळी यायला महिने लागतात आणि बोलणारे तेच तिघं उरतात. ग्रुपवर आवाहन टाकू नका. ज्यांच्याशी सूर जुळला त्यांना एकेकाला फोन करा आणि नेमकं विचारा : 'पंधरा दिवसांतून एकदा, दीड तास, एकूण सहा बैठका. जमेल?' मुदत सांगितली की लोक सहज हो म्हणतात, कारण नंतर कुणाचं मन न दुखवता बाहेर पडता येतं. वार आणि वेळ एकदा ठरली की हलवायची नाही. एकासाठी गुरुवारचा शुक्रवार केला की पुढच्या वेळी दुसऱ्याची अडचण निघते, मग 'सगळ्यांना कधी जमेल' याचेच मेसेज फिरत राहतात. दोघं गैरहजर असले तरी बैठक व्हायलाच हवी.

आता बैठकीत काय करायचं. मायकेल आणि एनिड बालिंट या मनोविश्लेषक पती-पत्नींनी १९५०च्या दशकात लंडनमध्ये डॉक्टरांचे गट चालवले, त्यातून आलेली पद्धत थेरपिस्टनाही चांगली लागू पडते. सुरुवातीची दहा मिनिटं प्रत्येकाने आज आपण कसे आहोत ते दोन वाक्यांत सांगायचं. मग एक जण दहा मिनिटांत केस मांडतो, कागद न बघता, आणि शेवटी एकच प्रश्न ठेवतो. 'या क्लायंटचं काय करू?' हा प्रश्न फार पसरट आहे. 'ती दर वेळी पंधरा मिनिटं उशिरा येते आणि मी वेळ वाढवून देते. मला नाही म्हणता का येत नाही?' हा कामाचा. पाच मिनिटं फक्त माहिती विचारायची. त्यानंतर मांडणाऱ्याने खुर्ची मागे ओढून वीस मिनिटं गप्प बसायचं. बाकीच्यांनी त्याच्याकडे न बघता आपसांत बोलायचं : ऐकताना काय वाटलं, कुठे लक्ष उडालं, कुणाचा राग आला, क्लायंटला त्या खोलीत काय वाटत असेल. सल्ला द्यायचा नाही. सल्ला सुरू झाला की मांडणारा 'तेही करून पाहिलं' म्हणत स्वतःचा बचाव करू लागतो. उत्तर द्यायचंच नसलं की त्याला नीट ऐकू येतं. नंतरची दहा मिनिटं त्याची : काय लागलं, काय उपयोगी पडेल. उरलेल्या वेळात फी, न सांगता बुडवलेली सेशन, एकमेकांकडे क्लायंट पाठवणं असे विषय घ्या.

पहिली केस तुम्ही मांडा, आणि ती खरोखर अडलेली असू द्या. पहिल्याने यशाची गोष्ट सांगितली की पुढचे सगळे यशाच्याच गोष्टी आणतात.

गुप्ततेबद्दल मात्र अजिबात सैल राहू नका. एकाच भागात काम करणाऱ्यांमध्ये नाव लपवून भागत नाही. 'दोन मुलांची आई, मुख्याध्यापिका' एवढ्यावर माणूस ओळखू येतो. व्यवसाय, गाव, कुटुंबातले तपशील बदला. प्रश्नाशी ज्याचा संबंध आहे तेवढंच खरं ठेवा. मांडण्याआधी ढोबळ रूपरेषा सांगून विचारा की कुणाला ओळखीचं वाटतंय का. वाटलं तर त्याने तेवढा वेळ बाहेर बसायचं, कारण सांगायची गरज नाही. फोनवरच्या ग्रुपमध्ये क्लायंटबद्दल एक ओळही नको, बैठकीचं रेकॉर्डिंग नको. आणि 'मी सहकाऱ्यांशी ओळख उघड न करता सल्लामसलत करते' हे वाक्य तुमच्या संमतीपत्रात आधीपासून असलं पाहिजे.

हा गट म्हणजे सुपरव्हिजन (अनुभवी थेरपिस्टने आपल्या कामावर ठेवलेली देखरेख) नव्हे, हेही पहिल्याच दिवशी ठरवा. इथे सगळे बरोबरीचे आहेत, केसची जबाबदारी ज्याची त्याचीच. क्लायंटच्या जिवाला धोका दिसत असेल तर पुढच्या बैठकीची वाट बघायची नसते. त्यासाठी अनुभवी सुपरवायझर आणि मनोविकारतज्ज्ञ यांचे नंबर प्रत्येकाकडे हवेत. एखाद्या सदस्याचंच दुःख वर आलं तर गटाने ते ऐकून घ्यावं, पण त्याची थेरपी सुरू करू नये. ती गटाबाहेरच्या थेरपिस्टकडेच व्हावी.

एक अवघड विषय कुणी काढत नाही : आपण एकमेकांचे स्पर्धकही आहोत. तो तुम्हीच काढा. लहान मुलं, जोडपी, व्यसनं, ट्रॉमा यांपैकी कोण काय करतं, कोण काय करत नाही आणि कुणाकडे सध्या जागा आहे, याची यादी करा. क्लायंट पाठवल्याबद्दल पैसे घ्यायचे-द्यायचे नाहीत, हे स्पष्ट बोलून ठेवा. न बोललेली धास्तीच माणसांना दूर ठेवते, असं मला ठामपणे वाटतं.

आणि सगळं स्वतःच्या अंगावर घेऊ नका. जागा, आठवण करून देणं, घड्याळ सांभाळणं या कामांच्या पाळ्या लावा. एकच माणूस यजमान राहिला की बाकीचे पाहुणे होतात, आणि तो दमला की गट संपतो. सहाव्या बैठकीत अर्धा तास राखून ठेवा : कोण थांबणार, कोण जाणार, कुणाला बोलायला जागाच मिळाली नाही. नवा माणूस घ्यायचा तर याच टप्प्यावर, सगळ्यांच्या होकाराने. अधेमधे कुणी 'मैत्रिणीला आणू का?' विचारलं तर पुढच्या फेरीपर्यंत थांबायला सांगा.