ब्लॉक बदलला हरकत नाही, नंबर ठोकू नका

दारव्हा तालुक्यातल्या एका वाचकाचं पत्र: "बाबांची १९६९ची फियाट ११०० डिलाइट आहे, बाजाराला तीच न्यायची असते. मागच्या उन्हाळ्यात रेडिएटर कोरडा पडला आन् इंजिनच्या ब्लॉकला तडा गेला. मिस्त्रीनं भंगारातल्या १९८४च्या पद्मिनीचा ब्लॉक बसवला. हेड, कार्बोरेटर आपलंच. आता पासिंगला नेली तर साहेब म्हणतात, इंजिन नंबर आरसी बुकाशी जुळत नाही. मिस्त्री म्हणते, घासून जुना नंबर ठोकून देतो. देऊ का ठोकू? आन् जुन्या गाड्यांच्या विंटेज नोंदणीत गाडी बसेल का?"

भाऊ, आधी मिस्त्रीच्या हातातला नंबर ठोकायचा पंच काढून घ्या. आज तुमच्याकडून राहिली आहे ती फक्त एक नोंद. नंबर घासला की त्याच गोष्टीला फसवणुकीचा रंग चढतो. शिवाय तो ब्लॉक चोरीच्या गाडीचा निघाला, तर खाडाखोड कोणी केली याचं उत्तर तुम्हालाच द्यावं लागेल.

हेड, कार्बोरेटर, वॉटर पंप कुठल्याही सालच्या गाडीचा लावा, आरसीवर त्यांचा उल्लेखच नसतो. ब्लॉकचं तसं नाही, कारण नंबर त्याच्यावर असतो. तुमचं नशीब एवढं की डिलाइट काय आणि पद्मिनी काय, इंजिन १०८९ सीसीचं आणि पेट्रोलचंच. बदलतो तो फक्त नंबर. डिझेल इंजिन बसवलं असतं तर प्रकरण बरंच वेगळं झालं असतं.

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे परवानगी न घेता इंजिन बदललं, तर १४ दिवसांत आरटीओला कळवून आरसीवर नोंद करून घ्यावी लागते. ती मुदत तुमची कधीच गेली. कायद्यात न बसणाऱ्या बदलासाठी कलम १८२अ खाली दर बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. म्हणून पकडले जायची वाट न पाहता स्वतःच यवतमाळच्या आरटीओत जाऊन उशिराचं कारण लेखी द्या.

सगळ्यात महत्त्वाचा कागद भंगारवाल्याचा. त्यानं चिठ्ठीवर नुसतं 'एक इंजिन' लिहून दिलं असेल तर परत जा. बिलावर इंजिन नंबर, ज्या गाडीतून काढलं तिचा नंबर, त्याची सही आणि तारीख हवी. जमलं तर त्या पद्मिनीची आरसी रद्द झाल्याचा कागदही मागा. मग ब्लॉकवरचं तेल रॉकेलच्या चिंधीनं पुसा, नंबर स्पष्ट दिसेल असा फोटो घ्या आणि अर्जाला जोडा. तडा गेलेला जुना ब्लॉक मात्र विकू नका. आरसीवरचा नंबर कुठे गेला, याचा तोच तुमच्याकडचा पुरावा आहे.

अर्ज नाकारला तर "नाही होत" एवढ्यावर परतू नका, लेखी आदेश घ्या. कलम ५७ नुसार ३० दिवसांत अपील करता येतं.

विंटेजचं म्हणाल तर २०२१च्या नियमांप्रमाणे ५० वर्षांहून जुनी गाडी चालते, पण ती मूळ रूपात हवी. चेसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरबदल नको. परका ब्लॉक तिथे अडेल असं मला वाटतं. त्यात नव्या नोंदणीची फी २०,००० रुपये, आणि तशी गाडी रोजच्या वापराला काढता येत नाही. तुम्हाला तर ती बाजाराला न्यायची आहे. मग कशाला त्या फंदात पडता?

नोंद झाल्यावर विमा कंपनीलाही नवा नंबर कळवा. तोवर गाडी गोठ्यातच राहू द्या, आणि दारव्ह्याच्या बाजाराला एसटीनं जा.