गेमच्या मॉडसाठी पैसे घेणं चुकीचं आहे का?

मॉड, म्हणजे गेममध्ये खेळणाऱ्यांनीच केलेला बदल किंवा भर, बनवणारा मॉडर महिनोन्‌महिने राबतो, मग त्याने पैसे मागितले की लोक एवढे का भडकतात, असं तुम्ही विचारलंय. मेहनतीचा मोबदला मागण्यात काहीच गैर नाही. आवडत्या मॉडरना मी स्वतः देणगी देतो, आणि खेळणाऱ्या प्रत्येकाने जमेल तेवढी द्यावी असं मला मनापासून वाटतं. पण मॉडला किंमत लावून तो विकायला माझा विरोध आहे.

एप्रिल २०१५ मध्ये स्टीम हे ऑनलाइन गेम-दुकान चालवणारी व्हॉल्व्ह आणि स्कायरिम हा गेम बनवणारी बेथेस्डा या कंपन्यांनी स्कायरिमचे मॉड स्टीमवर विकायला काढले. मॉडरला २५ टक्के, व्हॉल्व्हला ३०, बेथेस्डाला ४५. काम ज्याचं, त्याच्याच पदरात सगळ्यात कमी! पण त्याहून मोठी गोची पुढेच होती. विक्रीला आलेल्या पहिल्याच मॉडांमधला मासेमारीचा एक मॉड दुसऱ्या कुणाच्या तरी फुकट ॲनिमेशन मॉडच्या आधारावर चालत होता. परवानगीवरून वाद पेटला, तो मॉड मागे घेतला गेला आणि काही दिवसांतच सगळी योजना गुंडाळून लोकांचे पैसे परत करावे लागले.

हे अपवादाने घडलं नाही. स्कायरिमचे कितीतरी मॉड एसकेएसई या दुसऱ्यांनी बनवलेल्या फुकट प्रोग्रामशिवाय चालतच नाहीत. नोव्हेंबर २०२१ मध्ये ॲनिव्हर्सरी एडिशन या नव्या आवृत्तीच्या अपडेटने गेमची मूळ फाइलच बदलली आणि एसकेएसईवर चालणारे ढीगभर प्लगइन (मॉडचे जोड-प्रोग्राम) एका रात्रीत बंद पडले. काही मॉडरांनी आपापल्या फावल्या वेळात ते दुरुस्त केले. ज्यांनी मॉडिंग केव्हाच सोडलं होतं, त्यांचे तसेच पडून राहिले. बरं, मॉड मधेच काढून टाकावा तर त्याच्या स्क्रिप्ट (गेमला दिलेल्या सूचना) खेळ जतन केलेल्या सेव्ह फाइलमध्ये अडकून बसतात आणि गेम कुठेही गंडतो. मॉड फुकटचा असेल तर आपण समजून घेतो. पैसे मोजले असतील तर दाद कुणाकडे मागायची? मॉडर म्हणणार गेम बदलला, कंपनी म्हणणार मॉड आमचा नाही.

कंपनीने जबाबदारी घेतली तर मात्र माझी हरकत नाही. काउंटर-स्ट्राइक हा मुळात व्हॉल्व्हच्याच हाफ-लाइफ या गेमचा मॉड. व्हॉल्व्हने तो विकत घेतला, बनवणाऱ्यांना नोकरी दिली आणि मगच दुकानात आणला.

तुम्ही स्वतः मॉड विकायच्या विचारात असाल, तर त्यात कुणाकुणाचं मॉडेल, स्क्रिप्ट, ॲनिमेशन वापरलंय याची आधी यादी करा आणि प्रत्येकाची लेखी परवानगी घ्या. एकानेही नाही म्हटलं तर मॉड फुकट ठेवा आणि पानावर देणगीची लिंक द्या.