बँड बिघडलेला नाही, सूज उतरली आहे

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. वजन उतरवण्यासाठी जठराच्या वरच्या भागाभोवती बँड बसवण्याच्या ऑपरेशनला १९ दिवस झाले, पहिल्या दहा दिवसांत सहा किलो उतरले आणि गेला आठवडाभर काटा जागचा हलत नाही. त्यात भूक पूर्वीसारखी लागायला लागली आहे, म्हणून बँड नीट बसलाच नसावा अशी तुमची शंका. डावा खांदा अधूनमधून दुखतो. ऑफिसातल्या कुणीतरी ‘स्लीव्हच करायची होतीस’ (म्हणजे जठराचा मोठा भाग कापून टाकण्याचं ऑपरेशन) असं ऐकवलंय. आणि अगदी शेवटी, जाता जाता टाकल्यासारखी एक ओळ: परवा न राहवून मऊ ब्रेडचे दोन घास खाल्ले, ते छातीत अडकले आणि उलटी झाली.

सुरुवात त्या शेवटच्या ओळीपासून करते. हे तुमच्या सर्जनच्या टीमला आजच फोन करून सांगा. ओरडा बसला तर बसू द्या. बँड सध्या टाक्यांच्या आधाराने जागेवर आहे. जठराची एक घडी बँडवरून ओढून शिवलेली असते आणि तिथले व्रण पक्के व्हायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. त्याआधी जोराच्या उलट्या झाल्या तर जठराचा भाग बँडमधून वर सरकू शकतो. एका उलटीने बहुतेक काही होत नाही, पण ते त्यांना ठरवू दे. आणि पाणीसुद्धा टिकत नसेल, पोटातलं दुखणं वाढत असेल, ताप असेल, धाप लागत असेल किंवा एक पोटरी सुजून दुखत असेल, तर इथे उत्तराची वाट बघू नका, थेट इमर्जन्सीत जा.

आता भूक. तुम्हाला सगळ्यात घाबरवलंय तिने, आणि त्यात घाबरण्यासारखं सगळ्यात कमी आहे.

बँड म्हणजे सिलिकॉनची कडी, आतून फुग्यासारखी. बसवताना तो फुगा बहुतेक वेळा रिकामा किंवा जवळजवळ रिकामा ठेवतात. मग पहिल्या दोन आठवड्यांत भूक का मेली होती? कारण ऑपरेशनमुळे आतला भाग सुजलेला होता आणि ती सूजच बँडचं काम करत होती. आता सूज उतरली, रिकामा बँड उरला, भूक परत आली. म्हणजे तुमची जखम वेळापत्रकाप्रमाणे भरतेय. पहिला फिल, म्हणजे त्या फुग्यात सुईने सलाईन भरून बँड आवळणं, साधारण चार ते सहा आठवड्यांनी देतात, आणि तिथून पुढे नेमका दाब सापडेपर्यंत आणखी दोन-चार फिल लागू शकतात. हा मधला काळ सगळ्यांनाच नकोसा होतो. इंग्रजीत बँडवाले त्याला ‘बँडस्टर हेल’ म्हणतात, आणि मला ते नाव अजिबात अतिशयोक्त वाटत नाही.

माझाही बँडच आहे, आणि ऑपरेशननंतरच्या चौथ्या आठवड्यात मी रात्री साडेअकराला फ्रिजचं दार उघडून उभी होते. हातात गाळलेल्या सूपचा औषधाच्या मापाएवढा कप, आणि नजर खालच्या कप्प्यातल्या चीजवर. दार उघडं राहिलं की आमचा फ्रिज वाजतो. तो तीनदा वाजला तेव्हा दार लावलं. निग्रह वगैरे काही नव्हता, घरचे उठतील ही भीती होती. सांगायचा मुद्दा, त्या आठवड्यांत तुमची परीक्षा चाललेली नाही. वजन कमी करणं हे त्या आठवड्यांचं कामच नाही. काम एकच, टाके पक्के होऊ देणं. पातळ, मग मिक्सरमधून काढलेलं, मग काट्याने दाबलं की चुरडेल इतकं मऊ, आणि पाच-सहा आठवड्यांनी घन अन्न, ही चढण टाक्यांसाठी असते. तुमच्या टीमने दिवस वेगळे सांगितले असतील तर त्यांचे धरा, माझे नकोत. भूक अगदी असह्य असेल तर तेही त्यांना सांगा, पातळ आहारातही प्रोटीन वाढवता येतं आणि त्याने फरक पडतो.

वजनाचा काटा अडकला त्याचं कारणही साधं आहे. पहिल्या दहा दिवसांतले सहा किलो म्हणजे सहा किलो चरबी नव्हे. खाणं एकदम कमी झालं की शरीर यकृतातली आणि स्नायूंमधली साठवलेली साखर, म्हणजे ग्लायकोजेन, वापरून टाकतं. ग्लायकोजेनच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी बांधलेलं असतं, तेही बाहेर पडतं. हा साठा संपला की काटा थबकतो. मी रोज सकाळी वजन करायचे आणि त्या आकड्यावर माझा दिवस ठरायचा. आठवड्यातून एकदा, त्याच वारी, त्याच कपड्यांत करा. नाहीतर काटा महिनाभर कपाटावर टाका.

पुढचा हिशोब आत्ताच कळलेला बरा. बँडवर आठवड्याला अर्धा ते एक किलो ही चांगली गती. दोन वर्षांत जादा वजनाच्या चाळीस-पन्नास टक्के उतरलं तर बँड नीट चाललाय असं समजतात. ‘जादा वजन’ हा शब्द नीट वाचा. उंची १६५ सेंटिमीटर आणि वजन ११० किलो असेल, तर बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचं माप) २५ येतो ६८ किलोला, आणि जादा वजन तिथून वर मोजतात. जादा वजन ४२ किलो, त्याचं निम्मं २१. म्हणजे दोन वर्षांनी काटा ८९ दाखवेल, ६८ नव्हे. हे मला आधी कुणी इतकं स्पष्ट सांगितलं असतं तर पहिलं वर्ष मी रडत काढलं नसतं. ऑस्ट्रेलियातल्या पॉल ओब्रायन यांच्या गटाने २०१३ मध्ये १५ वर्षांपर्यंतचा पाठपुरावा प्रसिद्ध केला, त्यात जादा वजनातली घट सरासरी ४७ टक्के टिकलेली होती. पण त्याच अभ्यासात सुमारे २६ टक्के लोकांना बँडच्या वरचा भाग फुगल्यामुळे दुरुस्तीचं ऑपरेशन लागलं होतं. दोन्ही आकडे एकत्र लक्षात ठेवा.

ऑफिसातल्या त्या व्यक्तीबद्दल एवढंच म्हणेन की स्लीव्ह आणि जठराच्या बायपासमध्ये वजन सरासरीने जास्त आणि लवकर उतरतं, हे खरं आहे, आणि म्हणूनच गेल्या दहा-पंधरा वर्षांत बँड बसवणं खूप कमी झालंय. पण तुमच्या पोटात बँड आहे. स्लीव्हवाल्यांचा आलेख भिंतीवर लावून बँडची मोजदाद केलीत तर तुम्ही कायम नापास.

खांदा: ऑपरेशनच्या वेळी पोटात भरलेल्या कार्बन डायऑक्साइडमुळे छाती आणि पोट यांच्यामधला पडदा, म्हणजे डायफ्राम, चिडतो, आणि त्याची कळ खांद्यात उमटते. चालल्याने आराम पडतो. पण हा वायू काही दिवसांत जिरतो. १९ दिवसांनीही दुखत असेल तर फोन करालच तेव्हा तेही सांगा. स्वतःच्या मनाने आयबुप्रोफेनसारखी गोळी घेऊ नका, बँडवाल्यांना ती सहसा वर्ज्य असते.

आता थोडं पुढचं लिहिते, कारण मी खरा घोळ घातला तो सुरुवातीला नाही, दुसऱ्या वर्षात.

सगळ्यांची समजूत असते तशी माझीही होती, की बँडच्या वर अंड्याएवढी पिशवी असते, ती भरली की पोट भरलं. मग पिशवी भरलेली राहावी म्हणून बँड जितका घट्ट तितका चांगला. तसं नाही ते. नीट चावलेला घास अन्ननलिकेच्या काही आकुंचनांत, मिनिटभरात, बँडमधून खाली उतरतो. जाताना तिथल्या व्हेगस नसेच्या टोकांवर दाब पडतो आणि मेंदूला ‘पुरे’ असा निरोप जातो. म्हणूनच लहान घास, वीसेक वेळा चावणं आणि दोन घासांमध्ये मिनिटभर थांबणं. घास उतरायच्या आत दुसरा टाकला तर तो पहिल्याच्या डोक्यावर बसतो. ब्रेडचं तुम्ही पाहिलंतच: लाळेत भिजून त्याचा गोळा होतो आणि तो बुचासारखा बसतो. अडकलं की छातीच्या मधोमध दगड ठेवल्यासारखं वाटतं आणि तोंडाला दोरीसारखी चिकट लाळ सुटते. त्यावर पाणी पिऊ नका, ते वरच साठतं. उठून उभं राहा, चाला, वाट बघा.

तर दुसऱ्या वर्षी माझं वजन तीन महिने अडलं. मी हट्टाने जास्तीचा फिल मागितला. फिल देणाऱ्याने ‘आत्ता गरज दिसत नाही’ म्हटलं, पण मी ऐकेना, शेवटी ०.३ मिली वाढवून दिलं. आकडा बघून हसू येतं, पण एवढ्याने जग बदलतं. चिकन जाईना, सॅलड जाईना, सफरचंद तर विसराच. जात काय होतं? आइस्क्रीम. मिल्कशेक. तोंडात विरघळणारं चॉकलेट. कॉफीत बुडवलेली बिस्किटं. बँडला कॅलरी मोजता येत नाहीत, तो फक्त घट्ट-पातळ ओळखतो. दोन महिन्यांत माझं चार किलो वाढलं, आणि ते वाढलं म्हणून मला आणखी फिल हवा होता!

रात्री खोकला सुरू झाला. आडवी झाले की खोकला, पहाटे उशी ओली, घशात आंबट. मी तीन उशा लावून झोपायचे आणि खोकल्याचं औषध प्यायचे. सहा-सात आठवडे असे गेले. शेवटी तपासणीला गेले तर बेरियम पिऊन काढलेल्या एक्स-रेत बँडच्या वरचा भाग चांगलाच फुगलेला दिसला. सगळं पाणी काढून घेतलं, सहा आठवडे बँड रिकामा ठेवला. नशिबाने फुगलेला भाग पूर्ववत झाला, दुसरं ऑपरेशन टळलं, आणि पुन्हा थेंबाथेंबाने भरत आणलं. म्हणून सांगते, आडवं झाल्यावर खोकला किंवा आंबट पाणी वर येणं हे बँडच्या बाबतीत घशाचं दुखणं समजू नका. बँड जास्त घट्ट झाला आहे किंवा सरकला आहे असं धरून दाखवायला जा.

बरोबर दाब ओळखायचा कसा? लहान ताटलीभर घन जेवणानंतर तीन-चार तास भूक शांत राहते, काही अडकत नाही, रात्री झोप लागते. भूक लगेच लागते आणि मोठी ताटली सहज संपते, तर कमी आहे. उलट्या, खोकला आणि मऊ-गोड पदार्थांकडे ओढा, तर जास्त आहे. हा शेवटचा ओढा स्वभावाचा दोष समजून मी स्वतःला वर्षभर शिव्या घातल्या.

बाकीचं भराभर. प्रोटीन दिवसाला साधारण ६० ग्रॅम, आणि ताटलीत आधी तेच खा. जेवताना पाणी नको, नंतर अर्धा तास थांबा. गॅसवाली पेयं बंद. बँडमुळे शोषणात फरक पडत नाही, पण मुळात खाणंच कमी म्हणून मल्टिव्हिटॅमिन लागतं. उलट्या बरेच दिवस चालल्या तर बी-१ कमी पडून नसांना इजा होऊ शकते, ते अंगावर काढू नका. मोठ्या गोळ्या अडकतात, पण सगळ्याच गोळ्या कुटून चालत नाहीत, हळूहळू विरघळणाऱ्या तर नाहीच, तेव्हा विचारून घ्या. मधुमेहाची किंवा रक्तदाबाची औषधं चालू असतील तर वजन उतरेल तसे डोस बदलावे लागतात. तुम्ही याबद्दल काही लिहिलेलं नाही, म्हणून मुद्दाम सांगितलं. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात केस गळतील. माझे कंगव्यातून पुंजक्याने यायचे. परत आले.

पहिल्या फिलची धास्ती वाटत असेल तर तो असा असतो: आडवं झोपवतात, डोकं किंवा पाय किंचित उचलायला सांगतात म्हणजे पोटाचे स्नायू ताठ होतात, मग त्वचेखालचा पोर्ट, म्हणजे बँडला नळीने जोडलेलं सुई टोचायचं तोंड, बोटांनी चाचपतात. बटणासारखा लागतो. सुई टोचते ती रक्त काढताना टोचते तेवढीच. सलाईन आत जातं, मग उठून बसवून पाणी प्यायला देतात. ते पाणी सावकाश पूर्ण प्या, थोडा वेळ बसा, आणि खाली उतरल्याची खात्री झाल्यावरच निघा. मी एकदा दोन घोट घेऊन ‘ठीक आहे’ म्हणत घाईने निघाले होते. अर्ध्या वाटेतून परत जाऊन ०.२ मिली काढून घ्यावं लागलं, आणि तोवर स्वतःची लाळही उतरत नव्हती, ती रुमालात टिपत बसले होते.