ब्लेड खडखडतं, पिना बदलूनही

प्रश्न : माझ्या जुन्या बुलडोझरचं ब्लेड उचलताना खडखडतं आणि लेव्हल करताना जमिनीवर लाटा उठतात. ब्लेडच्या सांध्यांतल्या पिना नव्या घातल्या, पण दोन महिन्यांत पुन्हा तेच. काय करू?

उत्तर : पिना नव्या, पण भोकं जुनीच राहिली ना! पिन काढून भोकात बोट फिरवा. एका बाजूला ओठासारखी कड लागली, तर भोक लंबगोल झालंय. त्यात नवी पिन एका रेषेवरच टेकते आणि भराभर झिजते.

आधी ब्लेड भक्कम ठोकळ्यांवर टेकवा. हायड्रॉलिकच्या भरवशावर त्याखाली कधीही हात घालू नका, हे कळकळीने सांगतोय.

पुश-आर्मच्या (ब्लेडला मशीनशी जोडणाऱ्या दांड्याच्या) मागच्या टोकाला गोळा आणि टोपी असेल, तर टोपीखालचे शिम, म्हणजे फट भरणारे पातळ पत्रे, पाहा. एकेक पातळ शिम काढून टोपी आवळा. सांधा अडकता कामा नये, नुसता खुळखुळ जावा. पुष्कळदा एवढ्यानेच निम्मा आवाज जातो.

लंबगोल भोकं मात्र वेल्डिंगने भरून जागेवरच लाइन बोरिंग (यंत्राने भोकं एका रेषेत कातणं) करून घ्या आणि त्यात कडक बुश (पिनेभोवतीची नळी) बसवा. ग्राइंडरने गोल करायच्या फंदात पडू नका, पिन ज्यांतून जाते त्या दोन्ही कानांची भोकं एका रेषेत येत नाहीत. वेल्डिंगचे ७०१८ रॉड कोरडे हवेत, जाड लोखंड आधी तापवा. बॅटरी सोडवा, अर्थिंग वेल्डच्या अगदी जवळ लावा; नाहीतर करंट बेअरिंगमधून जाऊन ती खराब होते.

ग्रीसची वाट असेल, तर बुश बसवताना त्याचं छिद्र निपलसमोर आलंय ना, ते बघा.