श्टुटगार्टला येण्याआधी लेकीचा ओपीजी (पूर्ण जबड्याचा एक्स-रे) काढाच

वहिनी, नाशिकच्या सातपूरहून जर्मनीत श्टुटगार्टला बदली, लेकीचं थॅलेसेमिया या रक्ताच्या आजारासाठी तिसऱ्या वर्षी स्टेम सेल ट्रान्सप्लांट झालेलं, आता ती सहाची. दुधाचे दात छान आहेत, तर दातांचं काही बघायचं का, असं तुम्ही विचारलंत.

बघायचंच. दुधाचे दात ट्रान्सप्लांटच्या वेळी जवळपास तयार झालेले असतात. फटका बसतो हिरडीच्या आत घडत असलेल्या कायमच्या दातांना. दुसऱ्या उपदाढा (दाढांच्या पुढचे छोटे दात) आणि दुसऱ्या दाढा साधारण दोन-तीन वर्षांच्या वयातच आकार घ्यायला लागतात. नेमकी तेव्हाच ट्रान्सप्लांटआधीची बुसल्फानसारखी जड केमो किंवा पूर्ण शरीराला रेडिएशन मिळालं, तर एखादा दात येतच नाही, इवलासा येतो किंवा त्याचं मूळ आखूड राहतं. आमच्या लेकाच्या ओपीजीत खालच्या दोन्ही दुसऱ्या उपदाढा नाहीतच, आणि पुढच्या दातांची मुळं गाजराच्या शेंड्यासारखी निमुळती, अर्ध्यात संपलेली. बाहेरून हसरा चेहरा अगदी नॉर्मल!

म्हणून कॉलेज रोडला ओपीजी काढा, सीडी सोबत आणा. काही दातांचे अंकुर उशिरा दिसतात, म्हणून एवढ्यावर निकाल लावू नका, पुढे परत काढावा लागेल. आणि खालची दुधाची दाढ किडली तरी 'पडणारच आहे' म्हणून कुणाला उपटू देऊ नका. तिच्याखाली दात नसेल तर तीच पुढे कितीतरी वर्षं कामाला येते.

इथे आल्यावर पगार जास्त म्हणून कुणी प्रायव्हेट इन्शुरन्स गळ्यात मारेल. माझं स्पष्ट मत, पब्लिकच, म्हणजे सरकारी नियमांवर चालणारा आरोग्य विमाच घ्या. तिथे जुन्या आजाराची चौकशी नाही, आणि मुलं फुकटात येतात. मूळचाच दात नसेल तर तारा लावण्याचा खर्चही सहसा मान्य होतो: ८० टक्के विमा भरतो, उरलेले २० आधी आपण भरायचे, उपचार पूर्ण झाले की परत मिळतात. मात्र तारा लावणाऱ्या डॉक्टरला ट्रान्सप्लांटचं पहिल्याच भेटीत सांगा. आखूड मुळांवर जोर लावला तर ती आणखी झिजतात. इम्प्लांटचा (हाडात बसवायच्या कृत्रिम दाताचा) विषय जबड्याची वाढ संपेपर्यंत काढूच नका.

डिस्चार्ज समरीत औषधांची नावं, डोस, तारखा हव्यात. जीव्हीएचडी (दात्याच्या पेशी शरीरावरच हल्ला करतात तो त्रास) झाला असेल तर तेही, कारण त्याने तोंड कोरडं पडतं आणि कीड पटापट लागते. हो, गोवराच्या लसीचा पुरावा इथे शाळेत २०२० पासून सक्तीचा आहे. ट्रान्सप्लांटनंतर जुन्या लसी मोजत नाहीत, तेव्हा परत दिलेल्या डोसांची नोंद, किंवा लस देता येत नसेल तर डॉक्टरांचं तसं पत्र, नाशिकमधूनच घेऊन निघा.